कांद्याच्या वखारीतले गुरुजी

पुतळा घडवताना खाली सारखी माती पडत असते. ती कुणी टाकून देत नाही. पिंपात जाते, भिजते, पुन्हा मळली जाते आणि एखाद्या कानाला नाहीतर खांद्याला परत चिकटते. किश्श्यांचंही तसंच! आमच्या वखारीत रोज एखादा पडायचा, आणि चहाच्या वेळी कुणीतरी तो मळून पुन्हा वर चढवायचा. माझ्या जोडीला काम करणारे विठू मिस्त्री तर एकाच किश्श्याला दर वेळी नवं नाक लावायचे.

वखार म्हणजे चिंचवड स्टेशनाजवळची. पूर्वी तिथे चाकणचा कांदा उतरायचा. मी इटलीत शिल्पकला शिकून परत आले, तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच चालायला लागलं होतं, पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, आणि माझ्या डोक्यात एकच होतं: आपली माणसं, आपली माती, आपले हात. पुण्यातले नातेवाईक म्हणाले, "मुंबईला जा, इथे दगडाला कोण विचारतंय?" मी म्हटलं, जिथे नव्या चिमण्या उभ्या राहताहेत तिथेच नवे पुतळेही उभे राहतील! आणि वखार घेतली.

पहिलं काम मिळालं जवळच्या रहाटणी गावचं. तिथल्या शाळेत गुरुजींनी सगळा जन्म काढला आणि ते वारले. गावाने ठरवलं, शाळेच्या अंगणात त्यांचा उभा पुतळा हवा. मी तो मातीत घडवायचा, त्यावरून साचा घ्यायचा, साच्यात सिमेंट ओतायचं. साचा घेताना खालची माती मोडते. म्हणजे जे काय ठरायचं ते मातीत असतानाच ठरायला हवं.

कमिटीचे अध्यक्ष तात्या, गावचे पाटील. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली.

"हे बगा बाई, गोदाआक्का हो म्हनल्या की झालं. गुरुजींला त्येंच्याइतकं कुनी पाह्यलंय? पन त्या न्हाई म्हनल्या, तर आमी पुण्यातनं तयार पुतळा आननार. तयार बी मिळत्यात. टोपी बदलली की कुनाचा बी व्हतो!"

कुणाचाही होणारा पुतळा गुरुजींच्या नावाने उभा राहणार! मी तात्यांना म्हटलं, "आक्का हो म्हणेपर्यंत मी माती सोडणार नाही."

"आन् मी पुण्याची गाडी," तात्या म्हणाले.

*

गोदाआक्का म्हणजे गुरुजींच्या पत्नी. त्या पहिल्यांदा वखारीत आल्या तेव्हा पुतळा म्हणजे जमिनीत रोवलेला एक लोखंडी पाइप होता. वखारीत खुर्ची एकच. मी ती पुढे केली. आक्का उभ्याच.

"बसा ना, आक्का."

"आमच्या घरात बी खुर्ची येकच व्हती. त्येंची. त्येंच्यासमूर मी कदी खुर्चीत बसले न्हाई. चौकटीला टेकून उभी ऱ्हायचे."

माझ्या अंगात तेव्हा समतेचं वारं असं भरलेलं होतं की मी तिथेच भाषण सुरू केलं. नवा देश, नवे कायदे, बाईमाणसाचा मान, सगळं. विठू मिस्त्री हातातली पाटी खाली ठेवून ऐकत राहिले.

आक्कांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग पाइपाकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"हे काय अजून त्ये न्हाईत," म्हणाल्या आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या!

त्या दिवसापासून त्या दर आठवड्याला येत. खुर्चीत बसत, पुतळ्याकडे बघत, "न्हाई" म्हणत आणि चहा पिऊन जात.

*

फोटोवरून करता आलं असतं, पण फोटो एकच होता. शाळेचा, सगळ्या मुलांसकट. नेमका फोटो काढताना मागच्या रांगेत कुणीतरी खोडी काढली आणि गुरुजींनी गर्रकन मान वळवली. सगळी शाळा स्पष्ट आली आहे. गुरुजींच्या मानेवर नुसता धूर!

"खोडी काढली कुणी?" मी विचारलं.

उस्मानभाई छताकडे बघायला लागले.

उस्मानभाईंचं गॅरेज आमच्या शेजारीच, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. ट्रक दुरुस्त करायचे. तेही गुरुजींचेच विद्यार्थी. पुतळ्याच्या आतला पाइप, तारा, बोल्ट, सगळं त्यांच्याकडून आलं, आणि कशाचेही पैसे त्यांनी घेतले नाहीत. का, ते मला त्या फोटोवरून कळलं.

*

फोटो नाही म्हटल्यावर मी लोकांच्या आठवणी गोळा करायला लागले. गुरुजी किती उंच होते?

उस्मानभाईंनी हात डोक्याच्या वर नेला. "इतके तर नक्की, ताई."

तात्यांनी त्याच्याही वर नेला. "दारातनं वाकून आत यायचे."

कमिटीतल्या सगळ्यांनी हात वर केले. मी आणि मिस्त्रींनी त्या मापाने सांगाडा उभा केला. खासा भालदार दिसायला लागला.

आक्का आल्या, खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. "ह्ये कोन वो? त्ये माझ्या कानापातुर यायचे."

"पण आक्का, सगळे तर म्हणताहेत..."

"आरं, तुमी तवा केवडी व्हता रं?" आक्कांनी तात्यांनाच विचारलं.

उस्मानभाई हळूच उठले.

"ताई, मी करवत घेऊन येतो."

*

आता माती. कमिटीचा हट्ट होता की पुतळा गुरुजींच्या स्वतःच्या शेतातल्या मातीचा व्हावा. मला तर ही कल्पना इतकी आवडली की मी टाळ्याच वाजवल्या! बैलगाडी वाजतगाजत आली. मातीवर गुलाल टाकलेला. रहाटणीची काळीभोर, तुकतुकीत माती.

विठू मिस्त्री कोकणातले, पिढीजात गणपती करणारे. त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाले, "बाय, पीक बरां येयत हेच्यात."

"पुतळा?"

"पीक बरां येयत," मिस्त्री पुन्हा म्हणाले.

मी ऐकणार होते थोडीच! मोठ्या उमेदीने मस्तक घडवलं. ओली असताना ती माती खरंच लोण्यासारखी चालत होती. कमिटीला दुसऱ्या दिवशी बोलावलं. रात्रीतून वारं सुटलं, आणि काळी माती वाळताना जे करते तेच तिने केलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत भेगाच भेगा.

कमिटी गंभीरपणे उभी राहिली. शेवटी तात्या म्हणाले,

"नद्या लई बेस निगाल्यात. भूगोल त्येंचा आवडता इषय व्हता."

*

मग शाडू आणली. ती भिजवली, फडक्यातून गाळली, पायाने तुडवली. पवना नदीच्या काठचा बारीक गाळ थोडा थोडा मिसळून पाहिला. मिस्त्रींची परीक्षा सोपी होती: मातीची वळी करायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. तडकली तर नापास. किती मात्या नापास झाल्या विचारू नका! एक पास झाली तेव्हा आम्ही दोघांनी ती वळी अंगठीसारखी दिवसभर बोटात घालून ठेवली.

पण उत्साहात पाणी जास्त झालं. उभा पुतळा म्हणजे मातीचं वजन सगळं खाली ओढतं. आत लाकडाच्या पट्ट्या आडव्याउभ्या बांधून केलेल्या फुल्या तारेने टांगाव्या लागतात, माती त्यांना धरून राहते. आम्ही टांगल्या होत्या, पण कंजूषपणे. सकाळी गुरुजी ताठ उभे होते. दुपारी मी जेवून आले तर गुडघे वाकलेले, पोट मांड्यांवर आलेलं, खांदे पडलेले.

नेमके तात्या दारात.

"आँ! वर्गात जन्मात कदी बसले न्हाईत," ते म्हणाले, "आन् तुमी येका दिसात बसवलंत?"

मिस्त्री कपाळाला हात लावून उभे. मी कुऱ्हाड घेतली आणि फळ्या फोडून फुल्या करायला बसले. संध्याकाळपर्यंत पुतळ्याच्या आत इतक्या फुल्या झाल्या की उस्मानभाई म्हणाले, "ताई, आता भूकंप झाला तर गाव पडेल, गुरुजी नाही पडणार."

*

हा किस्सा मला फारसा आवडत नाही, पण मिस्त्री तो सोडत नाहीत.

अंगाचा आकार नीट आला, चेहऱ्याचं पहिलं काम झालं, तेव्हा मी कमिटीला पुन्हा बोलावलं. फडकं काढलं. तात्या पुढे आले, बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं! मागच्या दोघांनी उपरणं डोळ्यांना लावलं. एकजण तर चक्क हुंदके द्यायला लागला.

मी मिस्त्रींना कोपराने ढोसलं. माझं ऊर असं भरून आलं की विचारू नका. ज्यांनी कधी शिल्प पाहिलं नाही ती माणसं रडताहेत! कला अशीच पोचते, मनात म्हटलं, थेट पोचते!

तात्यांनी नाक पुसलं. "बाई," ते म्हणाले, "हितं कांदा हाय का वो अजून?"

माळ्यावर एक विसरलेली गोण निघाली. पार सडलेली.

आक्का मात्र खुर्चीत कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. त्या "न्हाई" म्हणाल्या.

*

पापण्या, चष्म्याची काडी, ओठांच्या कडा, असल्या बारीक कामाला पाण्याची माती वैताग आणते. आपण पापणीवर असतो तोवर नाकपुडी वाळते! त्यासाठी तेलाची माती लागते, जी कधीच वाळत नाही. इटलीहून मी एक डबा आणला होता, चेहऱ्याचे लहान नमुने करून बघण्यात तो संपला. परदेशातून पुन्हा मागवायची? छे! मी जाहीर केलं, "तेलाची माती चिंचवडमध्ये होईल!"

मेण आणलं, शाडूची पूड केली, आणि ग्रीस उस्मानभाईंचं. कढईत एकत्र शिजवलं. पहिला नमुना सुरेख झाला. दुपारी पत्रा तापला आणि गुरुजींचं नाक सावकाश ओठावर येऊन बसलं.

"मेण कमी पडलं," उस्मानभाई म्हणाले. "माझ्यावर सोडा. मी ट्रकची इंजिनं बसवतो, हे काय आहे!"

त्यांनी हात आखडता घेतला नाही. मेण ओतलं, आणखी ओतलं, वर कसलीशी राळ घातली. सकाळी तो गोळा टेबलावर आपटला तर टेबलाचा टवका उडाला. माझी कोरणी मोडली. मिस्त्रींचं लाटणं मोडलं. उस्मानभाईंनी गोळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, वाजवला.

"ताई, याचा चेहरा नाही होणार," ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "बंपर मस्त होईल!"

पण आम्ही सोडलं नाही. कढई रोज चढत होती. शेवटी दोन डबे तयार झाले, एक थंडीचा आणि एक उन्हाळ्याचा. उन्हाळ्याच्या डब्यावर उस्मानभाईंनी स्वतः लिहिलं: "इंजिनात टाकू नये."

*

विठू मिस्त्रींचा हात म्हणजे सोनं, पण त्या हाताला गणपतीची सवय. पाठ फिरवली की गुरुजींचं पोट थोडं सुटायचं. कान मोठे व्हायचे. मी रोज कान कापायचे, ते रोज वाढायचे!

एकदा गुरुजींचा उजवा हात त्यांच्याकडे दिला. बोटं तडकू नयेत म्हणून त्यांनी मातीत कापूस मिसळला होता, गणपतीत मिसळतात तसा. मी कोरणी लावली की करंगळीतून धागा निघायचा. तो निवडून काढला आणि जरा लांब जाऊन पाहिलं. गुबगुबीत तळवा, बोटं हलकेच वर वळलेली.

"मिस्त्री, या हातात खडू द्यायचाय. हा तर मोदकाची वाट बघतोय!"

मिस्त्री बराच वेळ हाताकडे बघत राहिले.

"बाय," ते म्हणाले, "गुरुजीक तरी आयुष्यात कोणी मोदक दिल्यानी?"

हात मी बदलला. पण त्या दिवशी लगेच नाही.

*

माती ओली ठेवायला पुतळ्यावर रोज ओलं फडकं गुंडाळायचं असतं. आक्कांनी ऐकलं, आणि पुढच्या खेपेला गुरुजींची जुनी धोतरं घेऊन आल्या. स्वच्छ, कडक घडी केलेली. मला गहिवरून आलं. त्याच धोतरांत पुतळा गुंडाळून आम्ही दोन-तीन दिवसांची सुट्टी घेतली.

परत येऊन फडकं सोडतो तर काय, गालांवर, हनुवटीवर, ओठावर हिरवट, मऊ, दाट लव उगवलेली!

झालं होतं ते साधंच. आक्कांनी जन्मभर धोतर खळ घातल्याशिवाय गुरुजींना दिलं नव्हतं. याही वेळी दिलं नाही. तांदळाची खळ ओल्यात आंबली आणि बुरशी धरली.

मी घाईघाईने पुसायला घेतलं, तेवढ्यात आक्का आल्याच. खुर्चीत बसल्या आणि नीट बघून म्हणाल्या,

"न्हाई. दाडी त्येंनी कदी वाडू दिली न्हाई."

*

शेवटी तात्यांचा धीर संपला. शाळेची नवी खोली बांधून झाली होती, चौथरा तयार होता. "या आयतवारी मी पुण्याला निगालो," ते म्हणाले. "बाई, तुमची मेहनत दिसती. पन न्हाई त्ये न्हाई."

त्या दिवशी आक्का खुर्चीत बसलेल्या होत्या. आजवर मी त्यांना विचारत आले होते, नाक कसं, कपाळ कसं, भुवया कशा. प्रत्येक गोष्ट त्यांनी सांगितली होती, प्रत्येक गोष्ट मी केली होती, आणि गुरुजी काही आले नव्हते. म्हणून मी वेगळंच विचारलं.

"आक्का, ते तुम्हाला हाक कशी मारायचे?"

"हाक कशाची! चष्मा कपाळावर सारायचे, आन् मग त्योच चष्मा घरभर धुंडायचे. गावला न्हाई की माझ्याकडं बगायचे. असं."

आणि त्यांनी करून दाखवलं. हनुवटी आत ओढली, मान जराशी डावीकडे कलली, एक भुवई वर गेली, खालचा ओठ किंचित पुढे आला. चोरी पकडलेल्या पोरासारखं तोंड. "ऐकलं का?" त्या म्हणाल्या, जाड आवाजात.

मिस्त्रींच्या हातातलं फडकं खाली पडलं.

माती त्या दिवशी नेमकी होती. ना ओली, ना वाळकी. अंगठा लावला की दबते आणि दबलेली राहते, अशी. मी दोन्ही हातांनी गुरुजींची मान धरली आणि कलती केली. आजवर त्यांच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू मी किती निगुतीने सारख्या केल्या होत्या! एक भुवई वर ढकलली. ओठ पुढे घेतला. आक्का केव्हा गेल्या मला कळलं नाही. पुढचे दिवस मी थंडीचा डबा घेऊन चष्मा घडवत होते, तारेवर तेलाच्या मातीचा पातळ थर. तो कपाळावर चढवला.

तात्या डोकावून गेले. "कपाळावर? लोक हसतील, बाई!"

"हसू देत," मी म्हटलं.

डोळे तेवढे राहिले होते. मिस्त्रींचा नियम, डोळे सगळ्यात शेवटी, आणि अंघोळ करून. इटलीत मला असलं काही शिकवलं नव्हतं. पण शनिवारी मी मुकाट्याने अंघोळ करून आले. मिस्त्रींनी सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतःही गेले आणि दार लोटून घेतलं. मी कोरणी उचलली.

रविवारी सकाळी तात्या पुण्याला जायचे कपडे घालूनच आले. आक्का आल्या, नेहमीसारख्या खुर्चीत बसल्या. उस्मानभाई विडी ओढत दाराशी उभे होते. मी ओलं फडकं सोडलं.

उस्मानभाईंनी हातातली विडी पटकन पाठीमागे लपवली.

आक्का खुर्चीतून उठल्या. पदर सारखा केला. मागे मागे सरकत दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला टेकून, मान खाली घालून उभ्या राहिल्या.

"आक्का," मी विचारलं, "साचा घेऊ?"

त्यांनी मान वर केली, गुरुजींकडे पाहिलं, आणि पाहतच पुढे आल्या. खुर्ची ओढली, ती गुरुजींच्या अगदी समोर आणून ठेवली.

"बसते बरं का मी," गुरुजींना म्हणाल्या, आणि बसल्या.